खंडेनवमीला धुतलेला ड्रम

ड्रम संध्याकाळी वाजतात, हे मला काकांनी शिकवलं. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. शेडच्या पश्चिमेला, उघड्यावर, ड्रम उभे असतात. दिवसभर ऊन खाऊन त्यांची झाकणं किंचित वर येतात आणि ऊन उतरलं की एकेक करून खाली बसतात. टण्. मग थोड्या वेळाने दुसरं. पहिल्या आठवड्यात मी दचकून लॅबमधून बाहेर आले, तेव्हा काका हसले.

"काय गो बाय, भुताक भियालंस? तापला की फुगता, निवला की बसता. माणसासारख्याच."

काका म्हणजे आमचे उत्पादन बघणारे सुपरवायझर. मूळचे कणकवलीकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. काका स्वतः हे युनिट उभं राहिलं तेव्हापासून इथे आहेत. शिक्षण दहावीपर्यंत, पण रिअॅक्टरच्या आवाजावरून आत किती तापलंय ते सांगतात आणि थर्मामीटर बघितला तर एखाद्या अंशाचा फरक निघतो. मी करमाळ्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. वडील बाजार समितीत हमाली करत. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्यामुळे आला आणि तो आईने ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला आहे.

मुंबईत तीन ठिकाणी मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं. इथे साहेबांनी, म्हणजे युनिटच्या मालकांनी, मराठीत विचारलं, "टायट्रेशन करता येतं का?" मी म्हटलं, येतं. त्यांनी ब्युरेट हातात दिली आणि उभ्या उभ्या करून दाखवायला लावलं. संध्याकाळी म्हणाले, सोमवारपासून ये. हे मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. पुढे जे लिहिते आहे त्यातही ते धरूनच वाचावं.

आम्ही काय बनवतो, हे आईला सांगताना मी म्हणाले होते, वाळूचं तेल. चुकीचं नव्हतं ते. वाळूत सिलिकॉन नावाचं मूलद्रव्य असतं. त्याच्या अणूला चार हात आहेत असं समजायचं. दोन हातांनी तो शेजारच्या ऑक्सिजनला धरतो, तो ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला, अशी लांब साखळी होते. या साखळीला दगडाचा गुण असतो. ती तापमानाला घाबरत नाही. उरलेल्या दोन हातांत कार्बनचे छोटे गट बसवले की तिला तेलाचा गुण येतो, ती पाण्याला जवळ येऊ देत नाही. दगड आणि तेल यांच्या मधलं काहीतरी. बाथरूमच्या कोपऱ्यातला तो रबरासारखा पांढरा मसाला, केकचे मऊ साचे, केस चमकवायचं सीरम, दवाखान्यातल्या नळ्या, आणि आमच्या वसाहतीच्या बाहेर उभ्या असलेल्या काचेच्या इमारतींच्या काचा जागेवर धरून ठेवणारी काळी पट्टी, हे सगळं एकाच कुळातलं. आई म्हणाली, "म्हणजे सगळीकडेच आहे की गं, आणि कुणाला माहीत नाही."

आमचा मुख्य माल मात्र या कुळातला जरा तापट. त्याच्या साखळीत प्रत्येक सिलिकॉनच्या एका हातात कार्बनचा गट असतो आणि दुसऱ्या हातात नुसता हायड्रोजन. भिंतीवर, प्लास्टरवर, कापडावर मारलं की तो हायड्रोजन सुटतो, साखळी भिंतीला घट्ट चिकटते आणि पाणी थेंब होऊन घरंगळून जातं. गुण तोच आणि धोकाही तोच. कारण हायड्रोजन सुटायला भिंतच लागते असं नाही. कॉस्टिक सोड्याचा अंश लागला तरी पुरे. मग तो ड्रमच्या आत, बंद झाकणाखाली, सुटत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. नुसता दाब वाढतो, आणि बाहेर आला की त्याला एक ठिणगी बास होते.

म्हणून लॅबमध्ये मी स्वतः एक नियम लिहून लावला होता. माल भरण्याआधी रिकाम्या ड्रममध्ये थोडं स्वच्छ पाणी फिरवायचं, त्यात पीएचची पट्टी बुडवायची, सात आला, म्हणजे आम्ल नाही की कॉस्टिक नाही, तर आणि तरच ड्रम सुकवून भरायला द्यायचा. शीटवर आकडा लिहायचा, खाली सही. नव्या ड्रमला हे कधी नडलं नाही. नियम जुन्या, परत वापरायच्या ड्रमसाठी होता.

खंडेनवमीला आमच्याकडे अख्खं युनिट धुतात. सकाळी लवकर कॉस्टिकचं पाणी करायचं आणि वर्षभराचा चिकटा काढायचा. जमीन, पंप, ढवळणी, नटबोल्टचे पाने, सगळं. हे काम काका दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्या वर्षी कोपऱ्यात दोन जुने ड्रम पडले होते, आतून चिकट झालेले. काकांनी तेही घेतले. लक्ष्मीच्या दारात घाणेरडी वस्तू नको, असं त्यांचं. घासून घासून त्यांनी ते आतबाहेर आरशासारखे केले. मग नळाचं पाणी गेलं. दोन वेळा खळबळून झालं होतं, तिसरी वेळ राहिली. ड्रम उन्हात पालथे घातले.

दुपारी पूजा. मोठ्या पाटावर लाल कापड, त्यावर पाने, हातोडी, वजनं. लॅबची हत्यारं मी मांडली. ब्युरेट, थर्मामीटर, आणि पीएचच्या पट्ट्यांची ती छोटी वही. आमच्या शाळेत दसऱ्याला पाटी आणि पुस्तक सरस्वतीपुढे ठेवायचो. एकदा ठेवलं की हात लावायचा नाही, विद्या रुसते. लहानपणी त्या दिवशी अभ्यास नसायचा म्हणून तो नियम फार आवडायचा. त्या दुपारी पट्ट्यांच्या वहीवर हळदकुंकू वाहताना मला खरंच भरून आलं. माझीही हत्यारं आहेत, असं वाटलं.

चारच्या सुमाराला साहेबांना फोन आला. घाटकोपरच्या एका सोसायटीत गच्चीचं आणि बाहेरच्या भिंतींचं गळती थांबवायचं काम निघालं होतं. कंत्राटदाराला मुहूर्त दसऱ्याचा हवा होता. आजच्या आज एक ड्रम पाठवा, उद्या नारळ फोडून सुरू करतो, असं त्याचं म्हणणं. नवे ड्रम संपले होते.

"ते दोन धुतलेत ना?" साहेबांनी विचारलं. "एक भरून द्या. उरलेला माल दुसऱ्यात काढा. रिअॅक्टर रिकामा राहू दे सणाला."

मी पाटाकडे गेले. पट्ट्यांची वही झेंडूच्या दोन फुलांखाली होती. मी हात पुढे केला.

"बाय," काका मागून म्हणाले, "पुजलेला उचलतंस? उद्या पाट हलवल्याशिवाय नाय."

"काका, पीएच बघायचा होता."

"मी धुतलंय ते." ते जरा लागल्यासारखे बोलले. "माझ्या हातान. उन्हात सुकवलंय. तुझ्या त्या कागदाच्या तुकड्यापेक्षा माझो हात खोटो?"

मी हात मागे घेतला. भीती नव्हती, संकोच होता. ज्या माणसाने मला ड्रमचा आवाज ओळखायला शिकवला त्याच्या हाताची परीक्षा घ्यायची, तीही देवापुढून वस्तू उचलून. टेम्पो दारात येऊन उभा होता. मी शीट भरली. बॅच, वजन, वेळ. पीएचच्या रकान्यात मी सात लिहिला. पेन थांबलं नाही, अक्षर वाकडं झालं नाही. खाली सही केली.

दसऱ्याला सकाळी सगळे नऊला जमलो. साहेब मुलुंडहून आले, आरती झाली, कापूर फिरला, प्रसाद वाटला. कामगार आपापल्या घरी निघाले. साहेबही गेले. काका आणि मी पाट आवरत होतो. मी पट्ट्यांची वही पुसून खिशात घातली.

टण्.

आवाज शेडच्या आतून आला. अर्धा भरलेला दुसरा ड्रम काल आत, सावलीत ठेवला होता. मी काकांकडे बघितलं. ते कुंकवाचा करंडा हातात धरून तसेच उभे होते.

"ऊन नाय तिथे," ते म्हणाले.

आम्ही जवळ गेलो. वरचं झाकण ताटासारखं सपाट असतं. ते परातीची पाठ असावी तसं वर आलं होतं. मी हात लावला. पत्रा गार होता. गार पत्रा फुगलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

पुढचं काकांनी केलं. ड्रम उघड्यावर आणला, पितळेचा पाना घेतला, पितळेचा अशासाठी की त्याची ठिणगी उडत नाही, आणि लहान बूच केसभर सैल केलं. फुसकारा सुरू झाला. तो संपायलाच तयार नव्हता. काका मान वळवून उभे होते. फुसकारा बारीक झाल्यावर मी बुचाच्या कडेला जमलेल्या ओलाव्याला पट्टी लावली. ती क्षणात निळी पडली, म्हणजे कॉस्टिक.

"धुवायचा राहिला असतला," काका हळू म्हणाले. "खालच्या खोबणीत. पाणी गेला होता."

मग आम्हाला दोघांना एकदमच आठवलं.

"हा अर्धा होता, काका," मी म्हटलं. "तो पूर्ण भरलाय. त्यात वायूला जागाच नाही."

कंत्राटदाराचा फोन वाजत राहिला. साहेबांना लावला. ते गाडीत होते. म्हणाले, "घाबरू नकोस, ड्रम वाजतातच. जाऊन बघून या. फक्त सोसायटीत आरडाओरड करू नका, नवीन गिऱ्हाईक आहे."

रिक्षा मिळाली. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या काचेला आंब्याची पानं. साकीनाक्याला रस्ता खणलेला होता आणि अर्धा तास आम्ही एका जागी हललो नाही. काका पाना फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते. मी मनात गणित मांडत होते. काल पाच ते आज सकाळी दहा, सतरा तास. अर्धा ड्रम सतरा तासांत इतका. भरलेला किती? गणिताला लागणारा एक आकडा माझ्याकडे नव्हता. खोबणीत कॉस्टिक किती राहिलं होतं, तो. काल एक पट्टी बुडवली असती तर तो असता.

"काका, मी तो सात बघून लिहिला नव्हता," मी म्हटलं.

"माका ठाऊक असा," ते म्हणाले. बाहेरच बघत होते. "मीच तुका थांबवलंय."

घाटकोपरची ती सोसायटी जुनी, चार मजल्यांची. बांबूची परांची बांधून झाली होती. कंत्राटदार नव्हता, मुहूर्ताचा नारळ फोडून घरी गेला होता. काम उद्यापासून. मागच्या अंगाला पंपाची खोली होती, जमिनीपेक्षा तीन पायऱ्या खाली, पत्र्याचं दार, वर एक हातभर जाळी. दारात पंप चालवणारा माणूस आंब्याचं तोरण नीट करत होता.

"तुम्ही तेलवाले ना?" तो म्हणाला. "या, तुमच्या ड्रमाला पण हार घातलाय. म्हटलं, आलाय पाहुणा तर त्याला का सोडा."

मी आत डोकावले. पंपाला हळदकुंकू, स्वस्तिक, हार. विजेच्या पेटीला हार. आणि त्या दोघांच्या मध्ये आमचा ड्रम, काकांनी आरशासारखा केलेला, गळ्यात झेंडू. समोर विटेवर तेलाचा दिवा शांतपणे जळत होता. झाकण इतकं वर आलं होतं की त्यावर ठेवलेलं फूल घरंगळून एका कडेला पडलं होतं.

"सकाळपासून बोलतोय तो," पंपवाला म्हणाला. "टण् टण्. बायकोला म्हटलं, देव जागा आहे."

"दिवा विझवा," मी म्हटलं. "आत्ता."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही घाणेरडं बोलले. "दसऱ्याच्या दिवशी, मॅडम? दिवा विझवायला सांगता?"

"आणि मोटर लावू नका. काही लावू नका. बटणाला हात लावू नका."

"साडेअकराला पाणी चढवायचंय. टाकी रिकामी आहे. पाणी नाही आलं तर वरच्या वहिनी मला चढवतील गच्चीवर." तो हसला. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रसायनशास्त्राचे सगळे शब्द माझ्याकडे होते आणि एकही त्याला सांगण्यासारखा नव्हता.

काका माझ्या पुढे आले. "दादा," ते त्याला म्हणाले, "दिवो विझवूक नको. भायर नेऊया." ते पायऱ्या उतरले, वाकले, दिवा दोन्ही तळव्यांत उचलला आणि ज्योतीला अंगाचा आडोसा करून, उलट्या पावलांनी वर आले. कुंपणाजवळच्या तुळशीपाशी ठेवला. मग पंपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आतमध्ये वायू झालोय. तुमचा पंप जाईत, तुमी जाशात, वरची माणसा जातीत. चूक माझी असा. मी धुतलंय तो ड्रम. आता माका दहा मिनटा द्या."

पंपवाल्याचं हसू गेलं. मी जिन्यावर उभी राहून खाली यायला निघालेल्या मुलांना वर पाठवत राहिले. मुलांच्या हातांत आपट्याची पानं होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या, "अहो, पाणी कधी सोडणार?"

बूच आतच सैल करता आलं असतं. पण हायड्रोजन हलका, तो छताला साठला असता आणि त्या छताखाली विजेची पेटी. बाहेरच आणायला हवा होता. काका ड्रम कडेवर चालवतात. एका बाजूला कलंडवून, तळाच्या कडेवर गोल फिरवत, जणू म्हातारीचा हात धरून तिला नेतायत. मी त्यांना म्हटलं, "काका, आत माल हिंदकळला की अजून वायू होईल."

"मग हळू चालवतंय," ते म्हणाले. "तू मागे रव."

मी मागे राहिले. हे मी लपवणार नाही. जाळीच्या पलीकडून बघत राहिले. तीन पायऱ्या होत्या. पंपवाल्याने मागून जोर दिला. प्रत्येक पायरीला आत डुचमळल्याचा आवाज यायचा आणि त्यानंतर ती शांतता. दुसऱ्या पायरीवर ड्रम वाजला. टण् नाही, त्यापेक्षा जाड, खोल. काका थांबले. त्यांचा गाल पत्र्याला टेकलेला होता आणि डोळे मिटलेले. मला वाटतं ते ऐकत होते. मग त्यांनी ड्रम पुन्हा कलंडवला.

कंपाउंडच्या मधोमध आणून त्यांनी पाना लावला आणि बूच हललं. फुसकाऱ्याबरोबर तेलाचा फेस उसळून त्यांच्या हातावर, सदऱ्यावर आला. ते हलले नाहीत. केसभर सैल, मग थांबणं, मग पुन्हा केसभर. झाकण खाली यायला बराच वेळ लागला. शेवटी एकदाच मोठ्याने वाजून ते बसलं, तेव्हा वरच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. कुणाला काही कळलं नव्हतं. पंपवाल्याने जाऊन तुळशीजवळचा दिवा आणला, दारात थबकला, माझ्याकडे बघितलं आणि परत नेऊन ठेवला.

काकांनी फडक्याने हात पुसले. तेलामुळे त्यांच्या हातावरून नळाचं पाणी थेंब थेंब होऊन घरंगळत होतं, कातडीला लागतच नव्हतं. ते बघून काका म्हणाले, "बघ. माल चांगलो झालो हा." मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे शीट ठेवली. साताच्या आकड्यावर रेघ मारून मी शेजारी लिहिलं होतं, तपासलं नाही. खाली माझी सही, तारीख. नोकरी जाणार असं धरूनच गेले होते. वडिलांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं.

साहेबांनी शांतपणे वाचलं. "तू प्रामाणिक आहेस," ते म्हणाले. "म्हणून तर तुला घेतलं. पण हे पान गिऱ्हाइकाच्या तपासणीत दिसतं. नवीन पान लिही. आकडा नको, तो रकाना रिकामा ठेव. कुणाला लागलं नाही, काही जळलं नाही. झालं." मग त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली. खरंच विचारली, दरवेळी विचारतात.

मी नवीन पान लिहिलं नाही. ते पान त्यांच्याच टेबलावर ठेवून बाहेर आले. ते फाइलला लागलं की नाही, हे बघायला मी कपाट उघडलेलं नाही. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असते.

काका अजून आहेत. जुने ड्रम आता आम्ही वापरत नाही, निदान मी असते तेव्हा. पुढच्या खंडेनवमीला काकांनी पाट मांडला आणि माझ्या ब्युरेटला, थर्मामीटरला जागा केली. पट्ट्यांची वही मी खिशातून काढली नाही. त्यांनी रिकाम्या जागेकडे बघितलं आणि तिथे एक फूल ठेवलं.

हे लिहिते आहे तेव्हा संध्याकाळ आहे. बाहेर ऊन उतरलंय, ड्रम एकेक करून बसतायत. आत्ता चौथा वाजला. चारही पश्चिमेच्या बाजूचे, हे मला बसल्या जागी कळतं. तरी मी उठून, प्रत्येकाच्या झाकणावर तळवा ठेवून येणार आहे.